पन्हाळ्याची वाट आणि गडकरी

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे 20 किलोमीटरांवर पन्हाळा आहे. आज मोटार थेट माथ्यावर जाते. आपण डोंगर चढलो, ही जाणीवही प्रवाशाला होत नाही. पण ही वाट मोकळी केव्हा झाली आणि त्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न आम्ही श्रोत्यांपुढे ठेवू इच्छितो.

सह्याद्रीपासून पूर्वेकडे निघालेल्या डोंगरधारेवर हा गड उभा आहे. खाली काळा कातळ, वर जांभ्याचे पठार, कडेला तुटलेले कडे. जेथे कडा सरळ तुटला तेथे निसर्गानेच तट घातला. जेथे उतार राहिला तेथे माणसांनी तो बांधला. वर जाण्याच्या वाटा मोजक्या. पूर्वेस चार दरवाजा, पश्चिमेस तीन दरवाजा, उत्तरेस वाघ दरवाजा. शिवाय पश्चिमेकडे मसाईच्या पठारावरून विशाळगडाची वाट.

अशा डोंगरावर वाट ठाऊक असणारा माणूस तोफेइतकाच मोलाचा. 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा असताना शिवाजी महाराज भर पावसात रात्री गडावरून निसटले. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी रात्री कडा चढून गड घेतला. जयराम पिंड्ये यांनी त्यावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. कोंडाजीचे नाव राहिले. त्या साठांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत.

या अनामिकांचेच वारस म्हणजे गडकरी. गडाची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी आणि मोबदल्यात इनामजमीन कसून खावी, असा त्यांचा करार होता. 1844 मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखालील कोल्हापूरच्या नव्या कारभाराने या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात आणण्यास सुरुवात केली. चाकरी गेली की जमीन जाणार, हे गडकऱ्यांनी ओळखले. गडहिंग्लजजवळच्या सामानगडाने दरवाजे बंद केले. पाठोपाठ पन्हाळाही उठला. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्यास बंडवाल्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. अखेर 1 डिसेंबर 1844 रोजी इंग्रजांनी गड घेतला.

पुढे त्यांनी चार दरवाजा पाडला आणि गडकऱ्यांची चाकरी मोडली. ही दोन कामे वेगळी नव्हेत. दरवाजा दगडाचा असला तरी तो राखतो माणूस. माणसाची भाकर काढून घेतली की दरवाजा पडल्यासारखाच. या बंडाला कोणी राजनिष्ठा म्हणोत, कोणी पुंडाई. आम्हांला त्यात प्रथम दिसते ती कष्टकऱ्याची आपल्या हक्काच्या घासासाठी झालेली झुंज.

2025 मध्ये पन्हाळ्याची गणना जागतिक वारशात झाली. आनंदाची गोष्ट आहे. पूर्वेकडून मोटारीने गडावर शिरताना आपण त्या पाडलेल्या चार दरवाजापाशीच असतो. तेथे क्षणभर खाली उतरावे. वाट मोकळी मिळाली म्हणून ती फुकट मिळाली, असे समजू नये.