दोन वाजता मागे फिरायचं

डोंगरात माणसं घेऊन जाणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, चाल आणि घड्याळ. सह्याद्रीतला ट्रेक लीडरही एक जाणता माणूस पुढे ठेवतो, एक शेवटी ठेवतो, आणि किती वाजले की असू तिथून परतायचं हे सकाळीच सांगून टाकतो. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर हेच नियम घेऊन दोन नामवंत गाईड निघाले होते, न्यूझीलंडचा रॉब हॉल आणि अमेरिकेचा स्कॉट फिशर. हॉलची फी माणशी ६५,००० डॉलर. त्याच्या बोलण्यात परतीची वेळ कधी दुपारी एक असे, कधी दोन. त्या दिवसासाठी नेमकी कोणती, हे ठामपणे ठरलंच नाही. मला सगळ्यात आधी खटकतं ते हेच. इथे दोन धरून मागे मोजू.

९ मे, रात्री ११.३० (दोन वाजायला साडेचौदा तास)

साउथ कोल, शिखराखालचा शेवटचा कॅम्प, उंची सुमारे ७,९०० मीटर. हॉलची मंडळी निघाली, अर्ध्या तासाने फिशरची. त्यांच्यामागून तैवानचा मकालू गाऊ. सगळे मिळून तीसहून जास्त माणसं, एकाच वाटेवर. माणशी ऑक्सिजनच्या तीन बाटल्या, आणि एक बाटली साधारण पाच-सहा तासांची. म्हणजे दुपारी चार-पाचपर्यंत सगळ्यांचा ऑक्सिजन संपणार. परतीची वेळ या हिशेबातून आली होती.

अंधारातच डग हॅन्सन रांगेतून बाजूला झाला. टपाल खात्यात काम करणारा हा माणूस आदल्या वर्षी शिखराच्या जेमतेम शंभर मीटर खालून परतला होता, आणि त्याला परत फिरवणारा हॉलच होता. या वर्षी फी कमी करून त्याला पुन्हा बोलावणाराही हॉलच. हॅन्सनला बरं वाटत नव्हतं, तो खाली निघाला होता. तेवढ्यात शेवटून येणारा हॉल त्याच्यापाशी पोचला. दोघं काहीतरी बोलले आणि हॅन्सन पुन्हा रांगेत शिरला. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणीच सांगायला उरलं नाही.

पहाटे ५.३० (साडेआठ तास)

बाल्कनी, शिखराच्या वाटेवरचा सपाट टप्पा. हॉलच्या शेर्पांचा सरदार आंग दोर्जे आणि पत्रकार जॉन क्राकॉअर सर्वांच्या आधी इथे पोचले आणि बसून राहिले. बाल्कनीपर्यंत कोणी एकमेकांपासून शंभर मीटरपेक्षा लांब जायचं नाही, असा हॉलचा हुकूम होता. अंधारात, नवख्या माणसांसाठी हा नियम अगदी योग्य. पण त्यामुळे सगळ्यात जलद माणसाचं घड्याळ सगळ्यात हळू माणसाच्या हातात गेलं. क्राकॉअर दीड तासाच्या वर तिथे थांबला. आपण थांबण्याला विश्रांती समजतो. या उंचीवर बसलेला माणूसही बाटली रिकामी करतच असतो.

सकाळी ७.३० (साडेसहा तास)

हॉलच्या तुकडीतल्या बेक वेदर्सला दिसेनासं झालं. डोळ्यांची जुनी शस्त्रक्रिया उंचीवर बाधली होती. मी परत येईपर्यंत इथून हलायचं नाही, असं हॉलने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. दुपारी खाली उतरणाऱ्यांनी त्याला सोबत चल म्हटलं, तरी दिलेला शब्द पाळायचा म्हणून तो हलला नाही.

सकाळी ११.३० (अडीच तास)

वरच्या टप्प्यात दोर बांधलेलेच नव्हते. दोन्ही तुकड्यांच्या शेर्पांनी पुढे जाऊन ते बांधायचे असं ठरलं होतं, ते झालं नाही. फिशरचा सरदार लोपसांग पैसे भरून आलेल्या एका पाहुणीला आखूड दोराने ओढत वर आणण्यात गुंतला होता. साउथ समिटवर, म्हणजे शिखराअलीकडच्या उंचवट्यावर, माणसं खोळंबली, खाली रांग तुंबली.

त्या रांगेत हॉलच्या तुकडीतल्या स्टुअर्ट हचिसनने हॉललाच विचारलं, अजून किती? तीनेक तास, असं उत्तर आलं. हचिसन, जॉन टास्के आणि लू कासिश्की या तिघांनी बेरीज केली. साडेअकरा आणि तीन, म्हणजे अडीच. तिघेही मागे फिरले. हवा स्वच्छ होती, शिखर समोर होतं, पैसे भरलेले होते. त्या दिवसातला सगळ्यात अवघड निर्णय मला हाच वाटतो, आणि तो गाईडने नाही, पाहुण्यांनी घेतला.

दुपारी १ ते २

अखेर गाईडांनीच हिलरी स्टेपवर, शिखराजवळच्या उभ्या कड्यावर, दोर लावला. एकनंतर फिशरचा गाईड अनातोली बुक्रेयेव, मग हॉलचा गाईड अँडी हॅरिस, क्राकॉअर आणि आणखी मोजके जण शिखरावर पोचले.

दोन वाजले. कोणी कोणाला फिरवलं नाही. ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते हॉल आणि फिशर दोघेही मागे होते. मागे पडलेल्यांवर नजर ठेवायला पुढाऱ्याने शेवटी राहणं बरोबरच. पण मग पुढच्या गाईडला रांग थांबवण्याचा पूर्ण अधिकार द्यायला हवा होता. तो दिलेला नव्हता.

दुपारी ३.१० (दोन वाजून गेल्याला एक तास दहा मिनिटं)

फिशरची वाट पाहून थकलेला गाईड नील बाइडलमन पाहुण्यांना घेऊन उतरू लागला. खालून ढग चढत होते. फिशर स्वतः पावणेचारच्या सुमारास वर आला, दमलेला आणि आजारी. हॉल तासाहून जास्त वेळ शिखरावर हॅन्सनसाठी थांबला होता. हॅन्सन पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. आदल्या वर्षी ज्याला फिरवलं, त्याला या वर्षी पुन्हा नाही म्हणणं हॉलला जमलं नसावं. ही माया समजते, आणि म्हणूनच राग येतो.

दुपारी ४.३०

हॉलचा वायरलेस आला, हॅन्सनचा ऑक्सिजन संपला आहे. साउथ समिटवर भरलेल्या बाटल्या होत्या, पण हॅरिसला ऑक्सिजनअभावी भ्रम झालेला. सगळ्या रिकाम्या आहेत असं तो सांगत होता.

रात्र

वादळ आलं. शेवटी उतरणाऱ्यांबरोबर निघालेला वेदर्स धरून अकरा जण कॅम्पच्या अगदी जवळ वाट चुकले आणि एकमेकांना बिलगून बसले. पाहुण्यांच्या आधी उतरल्याबद्दल पुढे टीका सोसावी लागलेल्या बुक्रेयेवने एकट्याने बाहेर पडून तिघांना आणलं. हॉलच्या तुकडीतली यासुको नाम्बा तिथेच गेली. मेला असं समजून मागे ठेवलेला वेदर्स दुसऱ्या दिवशी स्वतः चालत कॅम्पवर आला. पुढे त्याचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला.

११ मे, पहाटे ४.४३

साउथ समिटवरून हॉलचा आवाज आला. हॅन्सन गेला होता. हॉलला उतरता येत नव्हतं. संध्याकाळी न्यूझीलंडमधल्या गरोदर पत्नीशी त्याचं फोनवर शेवटचं बोलणं झालं. हॅरिस आणि फिशरही परतले नाहीत.

१० मेच्याच दुपारी पर्वताच्या उत्तर बाजूने भारत-तिबेट सीमा पोलिसांची तुकडी चढत होती. तिच्यातले तिघे वेळ आणि हवा पाहून मागे फिरले. सेवांग समानला, दोर्जे मोरुप आणि सेवांग पालजोर पुढे गेले. दोन दिवसांत एव्हरेस्टवर मरण पावलेल्या आठ जणांत हे तिघे आहेत.