वेरोनाच्या मृत्युनोंदी ते धाराशिवची गावे

१/ १८४२ साली इटलीतील वैद्य दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी वेरोना शहराच्या १७६० ते १८३९ या काळातील मृत्युनोंदी तपासल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने दगावलेल्यांत विवाहित स्त्रिया व विधवा पुष्कळ होत्या. अविवाहित स्त्रिया आणि मठवासी जोगिणी मात्र विरळा. याचे कारण उमगण्यास सुमारे १४० वर्षे लागली.

२/ दरम्यान दुसरा मार्ग सापडला. ग्रीसमधून १९१३ साली न्यूयॉर्कला आलेले जॉर्ज पापानिकोलाऊ प्रथम गिनी पिगच्या आणि पुढे स्त्रियांच्या योनिस्रावातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासू लागले. त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले.

३/ या नमुन्यांत कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ साली मांडले. तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांचा ग्रंथ आला आणि ‘पॅप’ चाचणी रुजू लागली. कर्करोगापूर्वीचे पेशीबदल, म्हणजेच डिस्प्लेझिया, तिच्यामुळे आधीच कळू लागले. ते वेळीच काढून टाकले की पुढचा कर्करोग टळतो.

४/ वेरोनाचे कोडे जर्मनीत सुटले. १९८३ साली हेराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही १६ हा विषाणू आढळला. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. त्यावरून स्त्रीच्या चारित्र्याचा निवाडा करणे मात्र निराधार आहे. आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या स्त्रीलाही त्याची लागण होऊ शकते.

५/ बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच परतवते. जो टिकतो, त्यातून कर्करोग उद्भवण्यास बहुधा अनेक वर्षे जातात. प्रतिबंधाची संधी याच अवधीत असते. कंडोमने धोका घटतो, पण त्वचेच्या संपर्कातूनही विषाणू पसरत असल्याने तो पुरता टळत नाही. २००६ पासून लस उपलब्ध आहे. संबंध सुरू होण्यापूर्वी घेतल्यास ती सर्वाधिक गुणकारी ठरते.

६/ पॅप चाचणीला प्रयोगशाळा, प्रशिक्षित तज्ज्ञ आणि वारंवार तपासणी लागते. खेड्यांत हे कसे साधावे? १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात याचा शोध घेतला गेला. ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि चार गट: एचपीव्ही चाचणी, पॅप, ॲसेटिक आम्ल लावून तपासणी, आणि चौथा गट नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेला.

७/ निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या एचपीव्ही गटात ३४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू सुमारे निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन पद्धतींत मृत्यूंमध्ये अशी ठळक घट दिसली नाही.

८/ पुढे या प्रयोगावर कठोर टीका झाली. तपासणीने जीव वाचतात हे ठाऊक असताना चौथ्या गटाला ती का दिली नाही? समर्थकांचे उत्तर असे, की देशात तेव्हा सार्वत्रिक तपासणी नव्हतीच. ‘नेहमीची व्यवस्था’ म्हणजे तपासणीचा अभाव. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, आणि म्हणूनच ते अस्वस्थ करते.

९/ एचपीव्ही चाचणी आज जागतिक आरोग्य संघटना प्राधान्याने सुचवते. तिच्या पुराव्यात त्या ६४ मृत्यूंची मोजदाद आहे. वेरोनातील स्त्रिया गेल्या तेव्हा उपाय कोणालाच ठाऊक नव्हता. धाराशिवच्या वेळी तो ठाऊक होता, फक्त त्यांच्या गावापर्यंत पोहोचला नव्हता.