गर्भस्थ जीव आणि ख्रिस्तसभेचा निर्णय

इ. स. पूर्वीं पहिल्या वर्षीं अलेक्झांड्रिया शहरांत मजुरीसाठीं राहिलेल्या हिलारियन नांवाच्या गृहस्थानें आपल्या पत्नीस एक पत्र धाडलें. मिसर देशाच्या कोरड्या वाळूंत तें सुरक्षित राहिलें आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध झालें. पत्रांत माया ओथंबलेली आहे. लहानग्याला जपण्याची विनवणी आहे, मजुरी हातीं येतांच पैसे पाठविण्याचें आश्वासन आहे. आणि त्याच सहज सुरांत आणखी एक सूचना आहे : मुलगा झाल्यास ठेवावा, मुलगी झाल्यास टाकून द्यावी.

हिलारियन हा कोणी क्रूरकर्मा नव्हता. तो आपल्या काळाच्या रीतीप्रमाणें बोलत होता. रोमन साम्राज्यांत नवजात अर्भकाला घरांत घ्यावें कीं बाहेर सोडावें हें ठरविण्याचा अधिकार पित्याचा असे. गर्भ पाडण्याचीं औषधेंहि लोकांच्या परिचयाचीं होतीं. प्लेटो व अॅरिस्टॉटल यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनीं आदर्श राज्याची लोकसंख्या मर्यादित राखण्यासाठीं गर्भपाताला वाव ठेवला होता. मुलाची किंमत त्याच्या ठायीं उपजत नाहीं, ती कुटुंबानें व राज्यानें द्यावयाची, अशी ती एकंदर समजूत होती.

या जगांत ख्रिस्ती मंडळींचा जो अगदीं प्रारंभींचा आचारग्रंथ निर्माण झाला त्याचें नांव 'डिडाखे', म्हणजे शिकवण. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रचलेली ही छोटी पोथी पुढें लुप्त झाली होती. १८७३ सालीं ब्रिएन्निओस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला कॉन्स्टॅंटिनोपल येथें तिची हस्तलिखित प्रत सांपडली. खून, व्यभिचार व चोरी यांच्या निषेधाबरोबरच, गर्भपातानें मुलाचा जीव घेऊं नये आणि जन्मलेल्यालाहि मारूं नये, अशी तींत आज्ञा आहे. उदरांतील मूल व पाळण्यांतील मूल यांना एकाच आज्ञेनें अभय दिलें गेलें, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुढें इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनानें, ख्रिस्ती लोक मुलें मारून खातात या लोकापवादाला उत्तर देतांना हाच मुद्दा पुढें केला. ज्यांना गर्भाचाहि नाश करण्याची मनाई आहे ते जन्मलेलीं मुलें मारतील कसे, असा त्याचा प्रतिपक्षास सवाल होता.

निषेध झाला, परंतु ज्या स्त्रीच्या हातून हें कृत्य घडलें तिचें काय करावयाचें? कॅथॉलिक शिकवणुकीचा पुढील सारा इतिहास या प्रश्नाभोंवतीं फिरतो. स्पेनमधील एल्व्हिरा येथील परिषदेनें चौथ्या शतकाच्या आरंभीं मोठा कठोर नियम केला. व्यभिचारांतून राहिलेलें मूल मारणाऱ्या स्त्रीला मरणसमयींहि प्रभुभोजन देऊं नये, असें तिनें ठरविलें. इ. स. ३१४ मध्यें अंकायरा, म्हणजे आजचें अंकारा, येथील परिषदेनें आजन्म बहिष्काराचा जुना दंडक सौम्य करून दहा वर्षांचें प्रायश्चित्त पुरेसें मानलें. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत कैसरियाच्या बिशप बेझिलनें या निर्णयास पुष्टि दिली. त्याच्या पत्रांत दोन गोष्टी एकत्र नांदतात. गर्भाला आकार आला होता कीं नव्हता हा काथ्याकूट आपल्याकडे चालत नाहीं, असें तो ठामपणें सांगतो. आणि लगेच, पश्चात्ताप वर्षांवरून मोजूं नये, तो कसा झाला तें पाहावें, असेंहि बजावतो. कृत्याविषयीं तडजोड नाहीं, पण माणसाला परतण्याची वाट मोकळी, असा हा तोल होता. पुढील शतकांत तो कधीं सांभाळला गेला, कधीं सुटला.

पश्चिमेकडे मात्र बेझिलनें झटकून टाकलेला काथ्याकूटच प्रभावी ठरला. पुरुष-गर्भांत चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास व स्त्री-गर्भांत नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास विशेष अवस्था येते, असें अॅरिस्टॉटलनें लिहून ठेविलें होतें. यहुदी धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांतहि आकार आलेला व न आलेला गर्भ असा भेद होता. त्यावरून, देह पुरेसा घडल्यावरच त्यांत मानवी आत्मा प्रवेश करतो, हें मत रूढ झालें. संत ऑगस्टीननें हा भेद मानला, तेराव्या शतकांत थॉमस अॅक्विनसनें त्याला तात्त्विक बैठक दिली, आणि ११४० च्या सुमारास ग्रेशियननें केलेल्या धर्मनियमांच्या संग्रहांत तो समाविष्ट झाला. याचा अर्थ पहिल्या दिवसांतील गर्भपात निर्दोष ठरला असा नव्हे. तो घोर पापच राहिला. फक्त त्याला मनुष्यवधाची शिक्षा लागू होत नसे.

सोळाव्या शतकांत एका पोपनें हा भेद एका फटकाऱ्यानें पुसून टाकला. कडक शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेल्या पांचव्या सिक्स्टसनें २९ ऑक्टोबर १५८८ रोजीं आज्ञापत्र काढून गर्भाची अवस्था न पाहतां प्रत्येक गर्भपातास मनुष्यवधाच्या शिक्षा लागू केल्या. त्या पापाचा धर्मबहिष्कार उठविण्याचा अधिकारहि, मरणोन्मुख माणसाचा अपवाद सोडून, त्यानें रोमच्या गादीकडेच राखून ठेविला. फ्लँडर्समधील मोलकरणीनें किंवा सिसिलींतील शेतकऱ्याच्या मुलीनें क्षमेसाठीं रोमकडे पाहावें, असा याचा प्रत्यक्ष अर्थ झाला. १५९० मध्यें सिक्स्टस वारला. ३१ मे १५९१ रोजीं चौदाव्या ग्रेगरीनें, त्या आज्ञेचें अपेक्षित फळ मिळालें नाहीं असें पाहून, जुना भेद पुन्हां आणला व स्थानिक धर्मगुरूंना क्षमेचा अधिकार दिला. अवघ्या अडीच वर्षांच्या अनुभवानें शिकविलें कीं, दार अतिदूर नेलें तर पापी माणूस दारापर्यंत येतच नाहीं.

भेद परत आला म्हणून निषेध ढिला झाला नाहीं, हें १६७९ सालीं स्पष्ट झालें. गरोदर राहिलेल्या मुलीचा घरच्यांकडून वध होईल किंवा तिची अब्रू जाईल अशी भीति असल्यास, आत्मा येण्यापूर्वीं गर्भ पाडण्यास हरकत नाहीं, असें कांहीं नीतिशास्त्रज्ञ प्रतिपादीत असत. अकराव्या इनोसंटनें हें मत धिक्कारलें. येथें खरी कसोटी होती. एका बाजूस भयानें थरथरणारी मुलगी, दुसऱ्या बाजूस आत्मा आला आहे कीं नाहीं याचाच संशय असलेला गर्भ. तरीहि रोमनें गर्भाचाच पक्ष घेतला. मात्र त्या मुलीनें जावें कोठें, याचें उत्तर निषेधाच्या वाक्यांत नव्हतें. तें अन्यत्र शोधावें लागलें. तिसऱ्या इनोसंट पोपनें वाढविलेल्या रोममधील सांतो स्पिरितो रुग्णालयांत टाकलेलीं मुलें निमूटपणें स्वीकारलीं जात. १८६३ मध्यें पुण्यांत जोतीराव फुले यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें तें निराळ्या धर्मभूमिकेवरून. पण मनाईला आश्रयाची जोड लागते, ही ओळख दोन्हींकडे एकच.

पुढें शास्त्रानें जुन्या दिवसगणनेचा पाया काढून घेतला. १८२७ सालीं फॉन बेअरनें सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज दाखवून दिलें. १८७६ मध्यें हेर्टविगनें बीजांचें मीलन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. १८६९ मध्यें नवव्या पायसनें बहिष्कारार्ह अपराधांची नवी यादी केली तींत आत्मायुक्त व आत्मारहित हा भेद उरला नाहीं. १९१७ च्या धर्मनियमसंहितेंत गर्भाच्या मातेसहि ती शिक्षा स्पष्टपणें लागू झाली.

याच सुमारास प्रसूतिगृहांत सर्वांत दारुण प्रश्न उभा होता. कटिभाग अरुंद असल्यानें मूल अडे, पोट फाडण्याच्या शस्त्रक्रियेंत बहुतेक माता दगावत, आणि डॉक्टर मुलाची कवटी फोडून आईला वांचवीत. लिऑंच्या आर्चबिशपच्या प्रश्नावर रोमच्या न्यायसभेनें १८८४ मध्यें उत्तर दिलें कीं, ही क्रिया योग्य म्हणून कॅथॉलिक विद्यालयांत निःशंकपणें शिकवितां येणार नाहीं. एका जीवासाठीं दुसरा निरपराध जीव मुद्दाम घेतां येत नाहीं, हें तत्त्व यामागें होतें. त्याची किंमत कित्येक घरांत आईच्या प्राणानें मोजावी लागली असती, हेंहि विसरतां येत नाहीं. सुदैवानें पावियाच्या पोर्रोनें १८७६ मध्यें व लाइपझिगच्या झेंगरनें १८८२ मध्यें शस्त्रक्रियेंत ज्या सुधारणा केल्या त्यांमुळें पुढें दोघांनाहि वांचविणें शक्य होत गेलें. १९५१ सालीं बाराव्या पायसनें खुलासा केला कीं, आईपेक्षां मुलाचा जीव अधिक मोलाचा असें ख्रिस्तसभेनें कधींच शिकविलेलें नाहीं. आईच्या रोगावरील आवश्यक उपचारांत गर्भ हेतु नसतांना दगावला, तर तो उपचार निषिद्ध नव्हे.

हा सूक्ष्म भेद ग्रंथांत स्पष्ट असतो, रुग्णशय्येजवळ तितका राहत नाहीं. ऑक्टोबर २०१२ मध्यें, मूळच्या बेळगांवच्या सविता हलप्पनवर या दंतवैद्य तरुणीचा आयर्लंडमध्यें सतराव्या आठवड्यांत गर्भ गळूं लागला. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्यानें गर्भपाताची तिची विनंती नाकारली गेली, आणि जंतुदोषानें ती मरण पावली. वैद्यकीय चौकशींत जंतुदोष वेळीं न ओळखल्याचा ठपका आला, तशीच कायद्याच्या संदिग्धतेचीहि नोंद झाली. २०१८ च्या मे महिन्यांत त्या कॅथॉलिक परंपरेच्या देशानें सुमारें दोन-तृतीयांश मतांनीं गर्भाला मातेइतकाच जीविताचा हक्क देणारें घटनेंतील कलम रद्द केलें.

रोमचा निर्णय मात्र ढळला नाहीं. १९७४ च्या घोषणापत्रानें आत्मा केव्हां येतो हा प्रश्न मुद्दाम बाजूस ठेविला. तेथें मनुष्य असण्याचा संभव आहे, एवढेंच हात आवरण्यास पुरेसें आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. झुडपांत हललेला प्राणी कीं माणूस, याची खात्री नसतां पारधी बाण सोडीत नाहीं, तशीच ही विचारसरणी. १९९५ मध्यें दुसऱ्या जॉन पॉलनें हीच शिकवण अपरिवर्तनीय म्हणून पुन्हां उच्चारली. २०१८ मध्यें फ्रान्सिसनें देहांत शिक्षाहि अग्राह्य ठरवून जीविताच्या पावित्र्याची कक्षा अपराध्यापर्यंत वाढविली.

त्याच फ्रान्सिसनें नोव्हेंबर २०१६ मध्यें, गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार जगांतील प्रत्येक कॅथॉलिक धर्मगुरूस कायमचा दिला. सिक्स्टसनें रोमला नेलेलें दार असें प्रत्येक गांवच्या देवळाशीं आलें. हिलारियनच्या पत्रांतील न जन्मलेल्या मुलीची बाजू घेऊन ही शिकवण उभी राहिली, आणि दोन हजार वर्षांत तिनें ती सोडली नाहीं. परंतु त्या मुलीच्या आईची बाजू कशी सांभाळावी, हें प्रत्येक शतकानें नव्यानें शिकावें, असाच या इतिहासाचा धडा आहे.