खाणीचा पैसा अन् ग्रामसभेचा हक्क : जिल्हा खनिज प्रतिष्ठान म्हणजे काय?

खाणीमुळे बाधित गावं आणि माणसांच्या भल्यासाठी २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीने खाण असलेल्या जिल्ह्यांत हे प्रतिष्ठान आलं. सुरजागडच्या लोहखनिजाचा गडचिरोली जिल्हाही त्यात आहे.

पैसा कुठून येतो? कंपनी सरकारला रॉयल्टी देते. त्याशिवाय रॉयल्टीच्या १० टक्के रक्कम इथे भरते. खाणपट्टा १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा असेल तर ३० टक्के.

खर्च कशावर? किमान ७० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा गरजांवर.

आदिवासी गावांचा हक्क काय? अनुसूचित क्षेत्रातल्या बाधित गावात कामांच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. आर्थिक वर्ष संपलं की गावात झालेल्या कामांचा अहवालही ग्रामसभेला द्यावा लागतो. तो मागून घ्या.