लिफ्टमधला पारा आणि आडवा चेहरा

२००६ सालची गोष्ट. आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आला होता, कॉलेजातून थेट. एका जुन्या मोड्यूलमध्ये त्याने चार ओळींचा बदल केला आणि कोड माझ्याकडे रिव्ह्यूला पाठवला. शुक्रवारची संध्याकाळ, कंपनीची बस सुटायची वेळ. मी घाईघाईत कॉमेंट टाकली, "हे फंक्शन पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्यायला हवं," आणि बस गाठली.

सोमवारी येऊन बघतो तर पठ्ठ्याने शनिवार-रविवार ऑफिसात बसून अख्खं फंक्शन नव्याने लिहिलेलं. खाली एक ओळ : "सर, पुन्हा अशी चूक होणार नाही." आणि खरी गंमत म्हणजे ते फंक्शन मूळचं माझंच होतं! तीन वर्षांपूर्वी मीच करून ठेवलेली घाण. विनोद माझा माझ्यावरच होता, पण हे त्याला कुठून कळणार?

सगळ्यांनी एकच सल्ला दिला. अरे, एक स्मायली टाकायची ना! तेव्हा मला तो पटलाही होता. पुढे या स्मायलीचा जन्म कसा झाला ते वाचलं आणि शंका यायला लागली.

तर मंडळी, सप्टेंबर १९८२. अमेरिकेत पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन विद्यापीठ, संगणकशास्त्र विभाग. तिथल्या कॉम्प्युटरवर एक सामायिक सूचनाफलक होता. सेमिनारच्या सूचना, हरवलं-सापडलं, राजकारण आणि अर्थातच टाइमपास. नील स्वार्ट्झने तिथे एक कोडं टाकलं : लिफ्टच्या भिंतीवर पेटती मेणबत्ती आहे, जमिनीवर पाऱ्याचा एक थेंब आहे. केबल तुटून लिफ्ट खाली पडायला लागली, तर मेणबत्तीचं आणि पाऱ्याचं काय होईल? (प्रश्न चांगला आहे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे ज्योत गोल आणि मंद होते. असो.)

यावर हॉवर्ड गेलने खास सरकारी थाटात एक "इशारा" लिहिला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे सगळ्यात डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, किरकोळ आगही लागली होती, शुक्रवारी सकाळी आठपर्यंत साफसफाई पूर्ण होईल. आधीपासून वाचत असलेले लोक हसले. पण ज्यांनी मधेच डोकावून फक्त तेवढंच वाचलं, त्यांच्यातल्या काहींना ते खरंच वाटलं. पारा विषारी, त्यामुळे घाबरणंही साहजिक.

मग स्वार्ट्झनेच सुचवलं, की गमतीच्या मजकुराच्या विषयात चांदणी टाकावी. झालं! पुढचे दोन दिवस विद्वान मंडळी चिन्हावर काथ्याकूट करत बसली. एक म्हणाला, चांदणीपेक्षा टक्क्याचं चिन्ह बरं. दुसरा म्हणाला, चांगल्या विनोदाला चांदणी आणि फालतू विनोदाला टक्का. तिसऱ्याला '&' हे चिन्ह हसून गडाबडा लोळणाऱ्या जाड्या माणसासारखं दिसलं. चर्चा अत्यंत गंभीर आवाजात आणि अर्थातच सगळी गंमत. यातलं एकही वाक्य कुणी आधी ठरवून आलं नव्हतं.

१९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमनने लिहिलं, की विनोदासाठी :-) हे चिन्ह वापरू या, मान तिरकी करून वाचा. आणि लगेच पुस्ती जोडली, की इथली एकंदर अवस्था बघता जे विनोद नाहीत त्यांनाच खूण करणं स्वस्त पडेल, त्यासाठी :-( घ्या. म्हणजे तो उदास चेहरा मुळात उदास नव्हताच, "हे खरं आहे बरं का" एवढंच त्याला सांगायचं होतं!

अशी खूण मागणारा हा काही पहिला माणूस नव्हे. १८९९ मध्ये आल्कांतेर द ब्राम या फ्रेंच कवीने उपरोधासाठी वेगळं विरामचिन्ह सुचवलं होतं. ते चाललं नाही. आपल्याकडे छापील भाषणांत कंसात (हशा) लिहायचे, पण ती नंतरची नोंद, हशा आधी होऊन गेलेला असायचा. मराठी संकेतस्थळांवर "ह. घ्या." म्हणजे हलके घ्या आलं, आणि "टेक इट लाइट"चं "दिवे घ्या" झालं. मला विचाराल तर फालमनपेक्षा आमचे दिवे जास्त भारी.

स्मायलीवर पहिल्यापासून एक आक्षेप आहे. चांगल्या लेखकाला विनोदावर चिठ्ठी कशाला चिकटवावी लागते? शेक्सपियरला लागली नाही. फालमनचं त्यावरचं उत्तर मला आवडतं : शेक्सपियरनेही ग्लोब थिएटरपाशी पार्किंग मिळत नाही अशी तक्रार घाईत खरडली असती, तर तीही आपल्यासारखीच ढिसाळ झाली असती.

घाईत लिहिणाऱ्याची आणखी एक पंचाईत २००५ साली जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवली. माणसांनी काही वाक्यं उपरोधाने आणि काही सरळ अर्थाने पाठवायची, समोरच्याने ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलं साधारण ७८ टक्के ओळखली जातील. ईमेलने ५६ टक्केच ओळखली गेली. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आलेच असते. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र निकाल बराच वर गेला. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो ना, तो सोबत जात नाही.

पण मला वाटतं, पाऱ्याच्या गोष्टीत नुसता आवाज कमी पडला नव्हता. घाबरलेल्या लोकांनी आधीचं कोडं वाचलेलं नव्हतं. चांदणी दिसली असती तर हा विनोद आहे एवढं कळून ते घाबरले नसते, पण हसलेही नसते. उत्स्फूर्त विनोद आधीच्या गप्पांवर उभा असतो, आणि नंतर आलेल्या माणसाला कुठलंही चिन्ह त्या गप्पांत नेऊन बसवत नाही.

आता माझी कॉमेंट घ्या. तिच्यापुढे :-) टाकलं असतं तर त्या मुलाला काय दिसलं असतं? आपल्या कोडला नावं ठेवून वर दात काढणारा सीनियर! मी विनोद करतोय हे त्याला नक्की कळलं असतं, फक्त तो त्याच्यावर आहे असं वाटलं असतं. स्मायलीने उलट जखम वाढवली असती. लिहायला हवं होतं ते साधं वाक्य : "हा कोड माझा आहे, माफ कर." त्याला बस चुकली असती, इतकंच.

फालमनचा तो संदेश कुणी जपून ठेवला नव्हता. गमतीत लिहिलेलं कोण जपतं? वीस वर्षांनी, २००२ च्या सप्टेंबरमध्ये, जुन्या बॅकअप टेप उकरून तो शोधून काढला. टेप वाचणारं जुनं यंत्र मिळवा, जुना फॉरमॅट उलगडा, एवढा खटाटोप. पुरातत्त्व खातंच म्हणा.

आमची ती रिव्ह्यू सिस्टिम केव्हाच बंद झाली, माझी ओळ आता कुठल्या टेपवर नसेल. मागच्या वर्षी तो मुलगा भेटला, आता स्वतः मॅनेजर आहे. फंक्शन माझं होतं हे मी त्याच सोमवारी त्याला सांगितलं होतं, ते तो साफ विसरलाय. कॉमेंट मात्र त्याने शब्दन् शब्द म्हणून दाखवली.