‘निरंशक’ परंतु ‘भर्तव्य’ : जडांच्या निर्वाहाची जुनी व्यवस्था

ज्या प्रौढ मनुष्यास हिताहित उमगत नाहीं त्यानें आईबापांच्या पश्चात् कोणाच्या आधारें राहावें, हा प्रश्न नवा नाहीं. पलूसकडील मुलूख १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निघेपर्यंत साताऱ्याकडे मोडे. शेजारचें कुंडल औंध संस्थानांत होतें. अंमल निराळे, तरी हिंदु कुटुंबांच्या वाटणींत या भागांत मिताक्षरेस अग्रमान होता.

याज्ञवल्क्यानें पंगु, अंध, उन्मत्त, जड इत्यादिकांस वाटणींत अंश नाकारिला. परंतु त्यांचें भरणपोषण कुटुंबावर घातलें. अन्नवस्त्र न देणारा पतित होतो, असें मनूचें मत. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (१०७६–११२६) कल्याण येथें विज्ञानेश्वरानें या वचनावर टीका लिहिली. वातादि दोषांनीं किंवा ग्रहबाधेनें झालेला तो उन्मत्त. हिताहित निवडण्यास असमर्थ तो जड, अशी फोड त्यानें केली. औषधानें दोष गेल्यास अंश परत मिळे. निर्दोष पुत्रासहि तो मिळे.

ही फोड महत्त्वाची आहे. १९१२ च्या लुनसी कायद्यानें जन्मजात जड व वेडा यांस एकाच व्याख्येंत कोंबलें. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मतिमंदत्व त्यांतून वगळलें, तेव्हां तो भेद पुनः कायद्यांत आला.

अंशाची गोष्ट याहून मंद गतीनें चालली. १९२८ च्या कायद्यानें अंध, पंगु यांचा अडसर काढिला. जन्मतः वेडा वा जड मात्र निरंशकच राहिला. तोहि दोष वारशापुरता १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें नाहींसा केला. पुढें १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें अशांस पालक नेमण्याकरितां जिल्हावार स्थानिक समित्यांची तरतूद केली.

सारांश, जुन्या शास्त्रानें घास दिला, वांटा दिला नाहीं. नव्यानें वांटा दिला, पण घरांतील सोबतीचा माणूस कायद्यानें निर्माण होत नाहीं. ‘भर्तव्य’ हें वचन प्रत्यक्षांत कितपत पाळिलें गेलें, याचा निकाल टीकाग्रंथ देणार नाहींत. तो वाटणीपत्रें, निवाडे व घरगुती हिशेब देतील. आपल्या संग्रहांतील अशा कागदांत अन्नवस्त्राचें कलम, त्याची रक्कम आणि सांभाळणाराचें नातें आढळल्यास संग्राहकांनीं तें टिपून ठेवावें. फारकतीच्या कागदांत ज्याची सही नसते, त्याचा इतिहास त्या एका ओळींतच सांपडावयाचा.