फुलीचा टाका आणि उरलेल्या पाच चौकटी



मागच्या वेळी चातुर्मासातल्या सुक्या भाज्यांवर लिहिलं होतं. या वेळी विषय सुई-दोऱ्याचा आहे. आपल्यापैकी निम्म्या जणींच्या कपाटात मॅटीचं एखादं अर्धवट कापड घडी करून ठेवलेलं असेल, रिंगचा गोल ठसा अजून त्यावर दिसत असेल. ते काढून समोर ठेवा आणि मग वाचा.

क्रॉस स्टिचला आपल्याकडे कोणी फुलीचा टाका म्हणतं, कोणी दोसुती म्हणतं. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे, एक तिरका टाका, त्यावर उलटा तिरका दुसरा. बस्स. एवढ्या साध्या टाक्याला केवढा मोठा इतिहास आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं.

छापील पुस्तकं महाग होती त्या काळात इंग्लंडमध्ये मुली नमुन्याचं कापड भरत. नवा टाका किंवा नवी वेल दिसली की एका लांब कापडावर उतरवून ठेवायची. म्हणजे ती त्यांची वहीच. याला सॅम्पलर म्हणतात. तारीख घातलेलं तिथलं सगळ्यात जुनं सॅम्पलर १५९८ सालचं आहे आणि ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने ते भरलं. त्यात तिने ॲलिस ली या मुलीचा जन्म नोंदवला आहे: २३ नोव्हेंबर १५९६, वार मंगळवार, वेळ दुपारची. म्हणजे बाळ दोन वर्षांचं झालं तेव्हा कापड पूर्ण झालं! बारशाची कुंची लग्नात देणाऱ्या आपल्यासारख्या बायका तेव्हाही होत्या तर.

त्याच काळातली दुसरी गोष्ट कैदेतली. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ साली इंग्लंडमध्ये आश्रयाला आली आणि १५८७ साली तिचा शिरच्छेद होईपर्यंत नजरकैदेतच राहिली. जवळजवळ एकोणीस वर्षं. त्या काळात तिने आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या घरची मालकीण बेस ऑफ हार्डविक हिने पशुपक्ष्यांचे, झाडाफुलांचे छोटे छोटे तुकडे क्रॉस स्टिचमध्ये भरले. नंतर ते हिरव्या मखमलीवर शिवून मोठे पडदे झाले. मेरीने भरलेल्या एका तुकड्यात तांबूस मांजर आहे आणि जवळ उंदीर. तांबूस केसांची मांजर म्हणजे राणी एलिझाबेथ, आणि उंदीर कोण ते सांगायला नको. मला यातली व्यवहाराची बाजू जास्त आवडते. उद्याचा भरवसा नाही तर एकच भलंमोठं कापड हातात घेऊ नये, छोट्या चौकटी घ्याव्यात. एक पूर्ण झाली की ती आपली झाली.

पण मला हा लेख लिहायला लावला तो एलिझाबेथ पार्कर हिने. ही ससेक्समधल्या ॲशबर्नहॅम गावची, जन्म १८१३ चा. वडील मजुरी करायचे, आई गावातल्या धर्मादाय शाळेत शिकवायची. घरात भावंडं पुष्कळ. तेराव्या वर्षी ही दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळायला गेली. पुढच्या एका घरी मालकाने तिचा अतोनात छळ केला. त्यानंतर तिचं मन इतकं खचलं की जीव द्यावा असे विचार यायला लागले. हे सगळं तिने १८३० च्या सुमाराला पांढऱ्या कापडावर फक्त लाल दोऱ्याने, बारीक क्रॉस स्टिचच्या अक्षरांत भरलं. त्यात ना वेल, ना फूल, ना किनार, नुसतं लिखाण. सुरुवातीलाच ती सांगते की मला लिहिता येत नाही, म्हणून एखाद्या विश्वासाच्या माणसाशी बोलावं तसं हे मांडते आहे. एकेका अक्षराला किती टाके लागतात ते भरलेल्यांना माहीत आहे. त्या गतीने आपलं दुःख सांगायचं म्हणजे एकेका शब्दाजवळ केवढा वेळ बसावं लागलं असेल!

आणि मग ते थांबतं. आपल्या आत्म्याचं पुढे काय होणार, असं ती विचारते आणि वाक्याच्या मध्येच दोरा संपतो. खाली कापड कोरं आहे.

ते कापडही आता त्याच लंडनच्या संग्रहालयात आहे. मी ते संगणकाच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा रोज प्रतिक्रमणात बसणाऱ्या मला तो प्रश्न परका वाटला नाही. एक गोष्ट मात्र कळल्यावर फार बरं वाटलं. कापड अर्धवट राहिलं तरी बाई अर्ध्यावर संपली नाही. तिने पुढे त्याच गावात शाळेत शिकवलं, बहिणीच्या मुलीला वाढवलं आणि १८८९ साली, शहात्तराव्या वर्षी ती गेली. म्हणजे ते कापड पूर्ण करायला तिच्याकडे जवळजवळ साठ वर्षं होती. तिने केलं नाही. मला वाटतं, तिला त्याची गरज उरली नव्हती. काही कामं आपल्याला जिथवर न्यायची तिथवर नेतात आणि मग घडी करून ठेवावीत अशीच असतात. अर्थात सगळीच नाहीत. त्याविषयी पुढे लिहिते.

आपण चौकटीच्या कागदावरून भरतो, ती पद्धत बर्लिनची. १८०४ च्या सुमाराला तिथल्या फिलिप्सन नावाच्या चित्रविक्रेत्याने चौकोनी आखलेल्या कागदावर रंगीत नमुने छापून विकायला काढले. काही वर्षांनी विटिश या दुसऱ्या प्रकाशकाने तो धंदा फार वाढवला. प्रत्येक चौकोन हाताने रंगवत. ज्या बाईला चित्र काढता येत नाही तिलाही आता गुलाब भरता येऊ लागला, नुसतं मोजता आलं की झालं. काही जण नाक मुरडतात की यात कला कुठली, ही तर नक्कल. मी बी.कॉम. झालेली, मला मोजणं हे कमी दर्जाचं काम वाटत नाही.

लडीच्या कागदावर ‘मर्सराइज्ड’ असं लिहिलेलं असतं, तेही एका माणसाचं नाव आहे. लँकेशायरच्या जॉन मर्सरने १८४४ साली सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने तो धागा ताणून धरून तीच प्रक्रिया केली आणि सुताला रेशमासारखी चमक आली. आपल्यासारख्या घरांना ही मोठीच सोय झाली. कोशातला जीव मारून काढलेलं रेशीम पूजेच्या कापडाला नको असतं, आणि चमक तर हवी असते!

हा टाका आपल्याला फक्त विलायतेतूनच आला असं मात्र समजू नका. धारवाडकडची कसुती आपल्या सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागातल्या बायकांच्या अंगावर इरकली लुगड्यांतून आणि चंद्रकळेतून पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे मेथी, आणि तोच आपला फुलीचा टाका. कापडावर रेघ काढायची नाही, छाप मारायचा नाही, धागे मोजायचे. गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगीत तर उलटी-सुलटी बाजू एकसारखी दिसली पाहिजे. गोपूर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळं डोक्यात. सुनेचं भरतकाम जुन्या बायका आधी उलटं करून बघत, ते उगाच नाही.

पशुपक्ष्यांवरून आठवलं. आमच्या घरात भरलेला हत्ती किंवा मोर चुकला तर उसवायचा नाही, अशी शिस्त होती. ज्यावर प्राणी छापलेत ते कापड कात्रीने कापायचं नाही. यशोधर राजाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पिठाचा कोंबडा मारला तरी मायलेकांना किती जन्म फिरावं लागलं! म्हणून आधी तीन वेळा मोजा आणि मगच सुई घाला, असं आक्का सांगायच्या.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी सोळा वर्षांपूर्वी षोडशकारण व्रत घेतलं तेव्हाच ठरवलं होतं की उद्यापनाला शास्त्राच्या वेष्टणाबरोबर तीर्थंकर मातेच्या सोळा स्वप्नांचं कापडही मंदिरात द्यायचं. दर वर्षी एक चौकट. पहिल्या वर्षी ऐरावत, मग बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांच्या दोन माळा, चंद्र, सूर्य, कलश, मासे, सरोवर. अकराव्या वर्षी समुद्र झाला आणि त्याच वर्षी काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली. व्रत चालू राहिलं, त्याला डोळे लागत नाहीत. गेल्या भाद्रपदात सोळा वर्षं पूर्ण झाली. कापड अकरावरच होतं.

उद्यापन करायची ऐपत नसेल तर व्रत दुप्पट करावं, असं शास्त्रात सांगितलंय. पण कापडाचं काय, हे कुठे लिहिलेलं नाही. घरात दोन-तीन मतं पडली. पुतण्या म्हणाला, “काकी, इचलकरंजीला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे दिलं तर पाचही चौकटी एका दुपारी होतील.” आक्का शांतपणे म्हणाल्या, “मग पहिल्या अकरापण त्याच्याकडूनच करून घे बाळा.” नणंदबाईंचं म्हणणं, अकराच द्याव्यात, देवाला भाव कळतो. मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी आक्कांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “तू मोजायला पक्की आहेस. तू घे.”

दुसऱ्याचं काम पूर्ण करावं का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. फ्रान्समधल्या बायोचं अकराव्या शतकातलं सुमारे ७० मीटर लांबीचं भरतकाम आहे, लढाईची सगळी हकीकत त्यात आहे. त्याचा शेवटचा भाग कधीतरी नाहीसा झाला. २०१३ साली ऑल्डर्नी या लहानशा बेटावरच्या लोकांनी मिळून तो राहिलेला शेवट भरला, पण वेगळ्या कापडावर. मूळ कापडाला सुई लावली नाही. ते योग्यच झालं, कारण मूळ भरणाऱ्या विचारायला उरल्या नव्हत्या. एलिझाबेथचं वाक्यही कोणी पूर्ण करू नये. पण इथे भरणारी बाई माझ्या शेजारी बसलेली आहे आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. मग वेगळं कापड कशाला?

अपुरं काम म्हणजे ओझं, असं आपल्याला उगाच वाटतं. कॉमर्सला आम्हाला शिकवलं होतं की चालू काम ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवायचं असतं. आक्कांच्या डब्यात अकरा वर्षं जमा होती.

मी हिशोब मांडला. इंचाला १४ चौकोनांचं कापड, प्रत्येक चित्र ७० बाय ७०. म्हणजे एका चौकटीला ४,९०० टाके, पाच चौकटींना २४,५००. रोज १०० टाके घातले तर २४५ दिवस. काम दिवसाउजेडीच, दुपारची आवराआवर झाल्यावर. ज्यांची कापडं पडून आहेत त्यांनी हे एकदा करून बघा. ‘कधी होणार बाई’ यापेक्षा ‘इतके दिवस’ हा आकडा कमी भीती घालतो.

मी भरते तेव्हा आक्का जवळ बसतात. झालेला भाग त्या हातात घेतात, उलटा करतात आणि बोटांनी चाचपतात. सिंहासनाच्या पायाशी म्हणाल्या, “इथे दोरा लांब ओढलायस, चार घरं सोडून गेलीस.” खरंच चार. विमानाला काही बोलल्या नाहीत. नागेंद्रभवनाला म्हणाल्या, “आता माझ्यासारखं लागतंय.”

सध्या रत्नराशी घेतली आहे. ती आणि अग्नी मिळून ९,८०० टाके राहिलेत, म्हणजे ९८ दिवस. पर्युषणाला अजून १२० आहेत. शेवटची चौकट धूर नसलेल्या अग्नीची. तिच्या तीन लड्या डब्यात वेगळ्या आहेत: पिवळीला एक गाठ, केशरीला दोन, लालला तीन. दिसणं कमी व्हायला लागलं तेव्हा आक्कांनीच त्या बांधून ठेवल्या होत्या.